शेलारबाईंची उंच गाडी

शेलारबाईंना कुणी "सांभाळून हं, बाई" म्हटलेलं खपायचं नाही. जिना उतरताना म्हणा, रस्ता ओलांडताना म्हणा, त्या जागच्या जागी थांबायच्या, मान वर करून बोलणाऱ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "का? मी काय सांडणार आहे का?" मान वर करून, कारण बाईंची उंची जेमतेम पाच फूट, तीसुद्धा चपलेसकट. वाशीच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. मी ही अशी ताडमाड. आम्ही दोघी व्हरांड्यातून चाललो की पोरं मागून "दीड" म्हणून ओरडायची. मी वळून कान पकडायला धावायचे. बाई म्हणायच्या, "अगं स्मिता, चिडतेस काय? अपूर्णांक आले त्यांना. माझे कष्ट कारणी लागले."

फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला त्यांचा हात पोचत नसे. नवीन आलेल्या हेडमास्तरांनी मोठ्या मनानं एक लाकडी चौरंग करून दिला, "यावर उभ्या राहा, बाई." बाईंनी चौरंगावर वह्यांचा गठ्ठा ठेवला आणि खालच्या अर्ध्या फळ्यावरच शिकवत राहिल्या. मागच्या बाकांवरच्या पोरांना दिसायचं नाही, मग ती उभी राहायची. तास संपेपर्यंत उभी. हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाल्या, "उभं राहिलं की झोप येत नाही. चौरंगाचे आभार." पुढे तो चौरंग गणपतीत कामाला आला.

अशा बाईंनी निवृत्तीनंतर काय करावं? नातवंडं सांभाळावीत, भजनी मंडळात जावं, गुडघ्यांवर तेल चोळावं. बाईंनी मोटरसायकल घेतली. तीसुद्धा इटलीची.

ते त्यांच्या निरोप समारंभातच ठरलं, आणि मी त्याची साक्षीदार आहे. शाल घातली, नारळ दिला, माझं भाषण झालं (फार छान झालं होतं, पण कुणाला आठवत नाही), आणि बटाटेवडे यायच्या आत फाटकातून एक दणदणीत आवाज आत आला. लालभडक गाडी. चालवणारा प्रथमेश, बाईंचा जुना विद्यार्थी. करंजाड्याजवळच्या गावातला, घरची शेती गेली, इमारती उभ्या राहिल्या, आता स्वतः बिल्डर. गणितात दोनदा नापास झालेल्या या पोराला बाईंनी घरी बसवून पास केला होता, म्हणून तो वाकून पाया पडायला आला होता. बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून गाडीकडे बघत होत्या.

"ही कसली रे? एवढी उंच?"

"इटलीची हाय, बाई. शेताबितातून उड्या मारनारी गारी असते ना, उंच नि हलकी? तिलाच रस्त्याचे टायर घातलेत, असं समजा. पन आता विकतो. बायकोनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय माझ्याकडनं."

बाईंनी माझ्या हातात नारळ दिला. "धर गं जरा." पदर खोचला, शाल कमरेला बांधली आणि प्रथमेशच्या खांद्याला धरून त्या गाडीवर चढल्या. खरोखर चढल्या, माडावर चढतात तशा. दोन्ही पाय हवेत लोंबत होते. प्रथमेशनं हँडल घट्ट धरलं होतं आणि त्याच्या कपाळावर घाम होता. तेवढ्यात फाटकासमोर बस थांबली. खिडकीतल्या एका बाईनं शेलारबाईंकडे बघितलं, शेलारबाईंनी तिच्याकडे बघितलं, आणि आमच्या बाई चक्क लाजल्या.

नंतर मला म्हणाल्या, "स्मिता, तुला नाही कळायचं ते. जन्मभर मी लोकांच्या दंडामागून जग बघितलं. बाजारात गेले की पुढं लोकांच्या पाठी, देवळात गेले की पुढं पाठी. देवसुद्धा मला अर्धाच दिसायचा. त्या गाडीवर बसले आणि बसच्या खिडकीतली बाई माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बसली की गं! एकदम समोर!"

मी नारळ परत दिला.

बाईंना गाडी येत नव्हती असं नाही. नवरा होता तेव्हा शहरात त्या मागे बसायच्या आणि गावी, साताऱ्याकडे गेलं की पुढे. नवरा मागे बसून रामरक्षा म्हणायचा. पण ती साधी गाडी, पाय टेकणारी. प्रथमेशनं हात जोडून सांगितलं, "बाई, ही तुमाला झेपनार हाय का? निदान खालचा भाग बदलून गारी बसकी तरी करून देतो. सगलेच करतात."

"ज्यांनी ती एवढी उंच बनवली त्यांना काय अक्कल नव्हती? मी माझी सवय बदलीन. त्यांचं गणित नाही बदलणार."

आणि एकदा गाडी आल्यावर बाईंनी ती बनवणाऱ्यांचं सगळं कूळ-मूळ शोधून काढलं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत बाईंनी ते एवढ्या वेळा घेतलंय की पुढच्या सात पिढ्यांना पुरेल. आम्ही शेजारी, भिंतीला भिंत, त्यामुळे मला तर ती कुळकथा पाठच झाली. ही मंडळी मुळात गाडीवाली नव्हेतच. बोलोन्या नावाच्या शहरात ती रेडिओचे सुटे भाग बनवायची. मग महायुद्धात कारखान्यावर बाँब पडले, सगळं बेचिराख. रेडिओ कोण घेणार? लोकांकडे सायकली तेवढ्या उरल्या होत्या. तर यांनी सायकलीला लावायचं एक छोटंसं इंजिन काढलं. त्यांच्या भाषेत त्या इंजिनाला 'पिल्लू' म्हणायचे, कुत्र्याचं असतं ना, तसलं. त्या पिल्लावर कंपनी पुन्हा उभी राहिली आणि पुढे जगभरच्या शर्यती जिंकायला लागली.

ही गोष्ट बाई कुणालाही ऐकवायच्या. इस्त्रीवाला कपडे उशिरा घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, लाइट नव्हती," की सुरू. "अरे, त्यांच्या कारखान्यावर बाँब पडला तरी त्यांनी सायकलीला इंजिन लावलं, आणि तू लाइट गेली म्हणून बसून राहिलास?" इस्त्रीवाला बिचारा माझ्याकडे बघायचा. त्याला वाटायचं, बाँब काल-परवाच कुठे पनवेलला वगैरे पडला.

इंजिनातली एक गोष्ट मात्र त्या फार प्रेमानं सांगायच्या. इतर गाड्यांच्या इंजिनात म्हणे झडप उघडली की ती स्प्रिंगच्या जोरानं आपली आपण बंद होते. या कंपनीनं तेवढाही भरवसा ठेवला नाही. झडप उघडायला एक दांडी आणि मिटायलाही एक दांडी. "उघडलंय ना आपण? मग मिटायचंही आपणच," बाई म्हणायच्या, आणि माझ्याकडच्या उघड्या राहिलेल्या साखरेच्या डब्याकडे बघायच्या.

आता थांबायचं कसं, हा प्रश्न होता. चालत्या गाडीला उंची नसते, थांबल्यावर येते. बाईंनी त्यावर स्वतःची एक रीत काढली. गाडी थांबता थांबता डावा कुल्ला सीटवरून खाली सरकवायचा, अख्खं अंग डावीकडे सोडायचं आणि बुटाचा चवडा जमिनीला लावायचा. गाडीही तेवढी डावीकडे कलायची. बघणाऱ्याला वाटायचं, पडली! गेली! पण ती तिथेच थांबायची, कलती, आणि बाई तिच्या कडेला लोंबकळत सिग्नल सुटायची वाट बघायच्या. शेजारचे रिक्षावाले गाणं बंद करून बघायचे. जिथे दुभाजक किंवा फुटपाथ असेल तिथे तर काय, पाय त्यावर ठेवून राणीसारख्या उभ्या. खांदेश्वर ते वाशी कुठल्या सिग्नलला कुठल्या बाजूला फुटपाथ उंच आहे, ते त्यांना तोंडपाठ होतं.

मी एकदाच मागे बसले. देवाशपथ सांगते, अजून एकदा बसणार नाही. मी मागे बसले तर मागून बघणाऱ्याला बाई दिसेचनात, नुसती मीच गाडी चालवतेय असं दिसत होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण अभिजित आला.

अभिजित हा बाईंचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. गुणी पोरगा, आईवर जीव. जीव असलेली माणसंच जास्त त्रास देतात. आईनं गाडी घेतल्याचं त्याला फोनवर कळलं होतं, पण स्कूटर असेल असं त्यानं आपलं मानून घेतलं होतं. रविवारी आला तर बाई म्हणाल्या, "खाली चल, दाखवते."

आमच्या सोसायटीची पार्किंग तळघरात. तिथून वर यायला उतार आहे, चांगलाच उभा, आणि उतार संपतो तिथेच वॉचमनचा आडवा दांडा. म्हणजे दांडा वर होईपर्यंत चढावरच थांबायचं. बाई खालून झोकात वर आल्या, दांड्याजवळ त्यांच्या रीतीप्रमाणे डावीकडे सरकल्या, गाडी कलली. अभिजितनं ते पहिल्यांदाच बघितलं. "आई!" म्हणून तो धावला आणि त्यानं मागून गाडी पकडून उजवीकडे ओढली. झालं. बाईंचा तोल डावीकडे, गाडीचा ओढा उजवीकडे. त्यानं घाबरून हात सोडला, आणि गाडी बाईंना घेऊन डावीकडे आडवी झाली. घोट्याचं हाड मोडलं.

प्लास्टर घालून घरी आणलं त्या संध्याकाळची गोष्ट. मी चहा ठेवला होता. अभिजित खिडकीशी उभा होता, चेहरा पांढराफटक.

"आई, आता बास. गाडी विकायची. आणि तूपण इथे एकटी राहायचं नाही. पुण्याला चल. खोली तयार आहे, नीतानं पडदेसुद्धा लावलेत."

"गाडी पडली कशानं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही."

"गणितात तेच महत्त्वाचं असतं. तू हात लावलास म्हणून पडली."

"म्हणजे आता माझी चूक? मी बघत उभा राहायला पाहिजे होतं? आई पडतेय आणि मी हातावर हात ठेवून बघतोय?" त्याचा आवाज चिरकला. मला त्याची दया आली. खरं सांगायचं तर मी मनातून त्याच्याच बाजूची होते. म्हातारपणी ही थेरं हवीत कशाला, असं मलाही त्या क्षणी वाटत होतं.

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बस इथं. तुला आजोबांची एक गोष्ट सांगते, ती मी कुणाला सांगितलेली नाही."

बाईंचे वडील माथाडी. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवरून पोती वाहायचे. बाई शाळेत असताना दुपारी त्यांचा डबा घेऊन जायच्या. एक दिवस गेल्या तर वडील ट्रकपासून गाळ्याकडे चालले होते, पाठीवर बटाट्याचं पोतं, कमरेत वाकलेले, आणि पाय जरासा लटपटत होता. त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, हे घरी माहीत होतं. बाई डबा टाकून धावल्या आणि मागून पोत्याला दोन्ही हातांनी टेकू दिला.

"आन आबा पडले," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात सातारा यायचा तो असा, ठरवून नाही. "तोंडावर पडले. पोतं फुटलं, सगळीकडं बटाटे. हमाल हसत्यात, व्यापारी वरडतोय. मला वाटलं आता आबा मारतील. तर त्यांनी काय केलं? उठले. कपाळाचं रगत पुसलं, मला जवळ घेतलं नि म्हणाले, पुष्पे, चालत्या वझ्याला हात लावायचा नस्तो. बाजारात बारक्या पोरालाबी ठावं असतंय ह्ये. वझं ज्याचं, तोल त्याचा. तुला लईच माया आली, तर म्होरं जाऊन वाट मोकळी कर."

मी चहा गाळायचा विसरले, त्याचा पार काढा झाला.

"दुसरं पोतं त्यांनी माझ्यादेखत उचललं," बाई पुढं म्हणाल्या, पुन्हा शाळेच्या भाषेत. "मी पुढं पळत होते. रस्त्यातले बटाटे, साली, कागद, सगळं बाजूला करत. ते गाळ्यापर्यंत नीट गेले."

"ठीक आहे," अभिजित म्हणाला. "पण मग मला एकदा दाखव. कोणी हात न लावता. पडलीस, तर विकायची आणि पुण्याला यायचं."

"पडण्याची अट नको. पडायला काय, माणूस न्हाणीघरातही पडतं. पडले आणि माझी मला उचलता आली नाही, तर विकायची. मुकाट्यानं येईन पुण्याला. पडद्यांचा रंगसुद्धा विचारणार नाही."

"आई, दोनशे किलोची गाडी आहे ती!"

"आबांचं एक पोतं होतं. माझी दोन."

पडले तरी नाक वर, असं मी म्हणाले. बाई म्हणाल्या, "नाकच वर आहे माझं, बाकी सगळं खाली."

प्लास्टर निघालं आणि बाई करंजाड्याला जाऊ लागल्या. प्रथमेशच्या एका मोकळ्या प्लॉटवर गवत होतं. तिथे त्या काय करायच्या, तर गाडी मुद्दाम हळूच आडवी निजवायच्या आणि उचलायच्या. पुन्हा निजवायच्या, पुन्हा उचलायच्या. मी एका रविवारी बघायला गेले. प्रथमेश डोक्याला हात लावून बसला होता. "आता मी सांगतो तुमाला, बाई," तो मला म्हणाला, "माझा जीव जातो बघून. धुन्याच्या दगडावर कापरं आपटावी तशी आपटतान माझ्या गारीला."

पहिले काही रविवार ती तसूभर हलेना. बाई समोरून वाकून दोन्ही हातांनी ओढायच्या, आणि कंबर धरून खाली बसायच्या. एकदा तर गवतात उताण्या पडून राहिल्या. मी धावले तर आकाशाकडे बघत म्हणाल्या, "हात लावू नकोस. विचार करतेय." मग उठल्या आणि गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आबा पोत्याकडे पाठ करून उभे राहायचे तशा. खाली बसल्या, सीटची कड कमरेखाली घेतली, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागचा दांडा, आणि हात ताठ ठेवून नुसत्या पायांनी मागे मागे रेटायला लागल्या. चिमणीएवढी पावलं. गाडी कुरकुरली, हलली आणि उभी राहिली. प्रथमेशनं शिट्टी मारली. बाई रडत होत्या. मला म्हणाल्या, "हातानं उचलायचंच नसतं गं. इतकं साधं मी विसरले होते. बापाच्या पाठीवर बघितलेलं."

त्या क्षणापासून मी बाजू बदलली. पुण्याचे पडदे गेले खड्ड्यात.

ठरलेल्या रविवारी सकाळी अभिजित आला. नवा पांढरा शर्ट घातला होता. बायकोनं वाढदिवसाला दिलेला, असं त्यानं मला सांगितलं, उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून. मी, तो आणि वॉचमन उताराच्या माथ्यावर उभे. खाली गाडी सुरू झाली. तळघरात त्या आवाजानं छाती धडधडायला लागते.

आणि नेमकी त्याच वेळी माझी नजर उतारावर गेली. कुणीतरी वर गाडी धुतली होती आणि साबणाचं पाणी ओघळून दांड्याच्या अलीकडे पसरलं होतं. मी "बाई!" म्हणून ओरडेपर्यंत त्या वर आल्या होत्या. दांड्याशी थांबल्या, डावीकडे सरकल्या, चवडा टेकला, आणि चवडा साबणावरून सटकला. सावरायला त्यांनी अंग उजवीकडे झोकलं, ते जास्त झालं. गाडी उजवीकडे आडवी. बाई मात्र टुणकन बाजूला उडी मारून सुटल्या. बुटकेपणाचा तेवढा फायदा.

वॉचमन धावला. "अरे मॅडम, रुको रुको, मैं उठाता हूँ!" मीही धावले. आणि अभिजित आमच्या दोघांच्या मध्ये आडवा आला. दोन्ही हात पसरून.

"कोणी हात लावू नका!" तो ओरडला. "कोणी म्हणजे कोणी नाही. मावशी, तुम्हीसुद्धा."

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग गाडी बंद केली, गिअरमध्ये टाकली, वाकून तिचं स्टँड बाहेर ओढून ठेवलं. करंजाड्याला गवत सपाट होतं, इथे चढ. हँडल धरून त्यांनी ती पडलेली गाडी जमिनीवरच फिरवायला सुरुवात केली, इंच इंच, घासत, चाकं उताराच्या खालच्या अंगाला येईपर्यंत. वॉचमनला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. मला कळलं, उतार आपल्या बाजूनं करून घेतायत. मग गाडीकडे पाठ केली, बसल्या, धरलं, रेटलं.

गाडी हातभर उचलली आणि बाईंचे पाय साबणावरून घसरले. गाडी परत खाली. दुसऱ्यांदा धरली, पुन्हा तेच. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. घोटा दुखत असणार, कारण त्यांनी ओठ दातांत धरला होता. मला रडू आलं. सांगायला लाज कसली, मी हुंदके देत होते. आता संपलं, हे घर गेलं, हा भिंतीपलीकडचा खोकल्याचा ओळखीचा आवाज गेला, असं मला वाटत होतं. बाई गाडीला पाठ लावून नुसत्या बसून राहिल्या, श्वास घेत.

अभिजित पुढे गेला. मला वाटलं, आता हा गाडी उचलणार आणि आईला उचलून पुण्याला नेणार. तो आईच्या पायांशी गुडघ्यांवर बसला. शर्टाची बटणं काढली, नवा पांढरा शर्ट अंगातून ओढला, आणि त्या शर्टानं जमीन पुसायला लागला. आईच्या बुटांखालची, बुटांमागची, जिथे जिथे पाऊल पडणार तिथली. फेस पिळून टाकत होता आणि पुन्हा पुसत होता. मग आईचा एक बूट उचलून त्यानं तळवा पुसला, मग दुसरा. गाडीला त्याचं बोटही लागलं नाही.

"झाली वाट मोकळी," तो म्हणाला आणि बनियनवर बाजूला उभा राहिला.

बाईंनी धरलं आणि रेटलं. एक पाऊल मागे, अजून एक. गाडी उठत गेली, उठत गेली, आणि खट्कन स्टँडवर उभी राहिली. बाई तिला टेकून उभ्या होत्या, तिच्याहून थोड्याशाच उंच. वॉचमननं टाळ्या वाजवल्या आणि मग दांडा वर करायचा राहिलाय हे आठवून तो पळाला.

अभिजित ढसाढसा रडत होता. बाईंनी त्याच्या उघड्या दंडावर एक चापट मारली. "शर्ट घालवलास की रे नवा. नीता काय म्हणेल?" मग गाडी वळवून चढल्या आणि फाटकाबाहेर निघून गेल्या.

आम्ही दोघं तिथेच उभे. तो हातातल्या त्या चिंधीकडे बघत मला म्हणाला, "मावशी, खोली खरंच छान लावली होती हो आम्ही. पडदे तिच्या आवडीचे, निळे."

स्टेशनापर्यंत चक्कर मारून बाई परतल्या. फाटकाजवळच्या फुटपाथवर डावा पाय ठेवून थांबल्या, हेल्मेटची काच वर केली.

"अभ्या, पडदे काढू नका," त्या म्हणाल्या. "दिवाळीला येते. हिच्यावरून."

आणि गेल्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी, जुन्या हायवेनं, घाटातून जायचं म्हणून. त्यानंतर मी निवृत्त होऊन कुडाळला आले, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर बाई आहेत त्या त्याच सकाळच्या. मागे चकल्यांचा डबा दोरीनं करकचून बांधलेला. उतारावर साबण नाही ना, ते मी आधीच बघून आले होते, दोन बादल्या साधं पाणी ओतून खराट्यानं झाडूनही काढलं होतं. दांडा मी स्वतः वर धरला होता. बाई खालून वर आल्या, थांबल्याच नाहीत, मला बघून नुसती मान हलवली. माझ्या तोंडून सवयीनं "सांभा" एवढं बाहेर पडलं होतं. बाकीचं मी गिळलं आणि रस्त्यावर पुढे जाऊन येणारी रिक्षा हात दाखवून थांबवली.